चुलीचा वैल

पहिली चूल कुणी मांडली याविषयी पंडितांनी पुष्कळ तर्क लढवले आहेत; पण चुलीला वैल कुणी जोडला, याची चौकशी करावीशी कुणाला वाटलेली दिसत नाही. माझ्यापुरते मी ठरवून टाकले आहे की तो शोध एखाद्या गृहिणीचाच असला पाहिजे. तव्याखालचे आपले काम उरकून जाळ बाजूने निघून चालला आहे, हे तिने पाहिले असेल. निघून जाणाऱ्याला दाराशी थांबवून एखादे हलके काम सांगावे, तसे तिने त्या जाळाला सांगितले असेल, "जातोच आहेस, तर जाता जाता एवढे दूध कोमट करून जा." म्हणून चुलीच्या कुशीला एक भोक आले, त्यावर दुसरे लहान तोंड आले, आणि त्याला वैल हे नाव मिळाले. मुख्य जाळावर जे करपले असते, उतू गेले असते किंवा फाटले असते, ते सारे वैलावर सुखाने राहते. गॅसच्या शेगडीवर वाढलेल्या मुलांना हा शब्द आजीला विचारावा लागेल. दिवाळीच्या सुटीत आजी घरी असतेच. त्यांनी जरूर विचारावा.

मला मात्र वैलाची नव्याने ओळख झाली ती स्वयंपाकघरात नव्हे, बल्लारपुरातल्या एका जुन्या मोटारीच्या बॉनेटखाली.

आमच्या शेजारी कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. मी त्यांना काका म्हणतो, ते मला मास्तर म्हणतात. त्यांच्याजवळ एक ॲम्बॅसडर आहे, मार्क टू. इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डचा हा हिंदी अवतार १९५७ साली बंगालमधल्या उत्तरपाड्याला जन्मला आणि २०१४ साली तिथेच त्याने डोळे मिटले. मधल्या सत्तावन्न वर्षांत मंत्र्यांपासून टॅक्सीवाल्यांपर्यंत सर्वांचे ओझे त्याने वाहिले. काकांची गाडी पेट्रोलवरची, १४८९ घनसेंटिमीटरच्या जुन्या इंजिनाची. धावण्यात तिला हौस नाही, पण कोठारी, गोंडपिपरी, आष्टी करीत आलापल्लीच्या सागवानी जंगलापर्यंत ती तक्रार न करता जात असे.

काकांचा भाचा पुण्याला असतो आणि त्याला जुन्या गाड्यांचा नाद आहे. मामाच्या गाडीला 'मोकळा श्वास' मिळावा म्हणून त्याने एका उन्हाळ्यात तिचा मूळचा मॅनिफोल्ड काढला आणि बाहेरून विकत आणलेला ॲल्युमिनियमचा, चकचकीत, रुंद नळ्यांचा नवा मॅनिफोल्ड बसवला. धूर बाहेर टाकणाऱ्या नळ्याही वेगळ्या, लांबसडक वळणाच्या घातल्या. मे महिन्यात गाडी खरोखरच सुरेख पळाली. पण दिवाळी झाली, वर्धा नदीवरून धुके चढू लागले, आणि गाडी सकाळी रुसू लागली. सुरू होई, पण चालू लागताच धक्के देई, अडखळे. चढावर तर दमेकऱ्यासारखी धापा टाकी.

माझे पदार्थविज्ञान शालेय पुस्तकापाशी थांबलेले आहे. तरी मिस्त्रींच्या दुकानात बसून जे समजले ते सांगतो, कारण पुढचा सारा विचार त्यावरच उभा आहे.

कार्बोरेटर हे एक प्रामाणिक मापाडी आहे. पंधरा भार हवेला एक भार पेट्रोल, अशा सुमाराने तो मोजून देतो. पण पेट्रोल जळायचे तर त्याची वाफ व्हावी लागते, आणि वाफ होताना ते भोवतालची उष्णता शोषून घेते. माठातले पाणी गार होते ते याच नियमाने. म्हणजे कार्बोरेटर हा एक जोरदार माठच झाला. त्याच्या गळ्यातली हवा तीस-पस्तीस अंशांनीही उतरू शकते. विमानविद्येच्या पुस्तकांत तर वैमानिकांना बजावलेले असते की, बाहेर २१ अंशांच्या खाली तापमान आणि ८० टक्क्यांच्या वर दमटपणा असेल, तर कार्बोरेटरच्या आत बर्फ धरण्याचा धोका मोठा. आमच्याकडची हिवाळ्यातली धुक्याची सकाळ या व्याख्येत नेमकी बसते.

मग होते काय? मोजून दिलेले पेट्रोल गार मॅनिफोल्डमधून जाताना वाफ न राहता थेंब होऊन भिंतीला चिकटते. हवा हलकी, ती वळणावर सहज वळते. थेंब जड, ते वळणावर सरळ जातात. त्यामुळे एका सिलिंडरला पेट्रोलच फार मिळते, दुसऱ्याला निव्वळ हवा. मिस्त्रींनी गाडीचे चारही प्लग काढून वर्तमानपत्रावर ओळीने मांडले. दोन काजळी धरून काळे पडलेले, दोन पांढरेफटक. "पाहा गुरुजी," ते म्हणाले, "माल बरोबर येऊन राह्यला जी, पण चौघाइले सारखा भेटतच नाही."

हे वाक्य ऐकून मी जरा सावरून बसलो. हिशेब बिनचूक आणि तरी दोघे उपाशी, दोघांना अजीर्ण! सरासरी ही अशी वस्तू आहे की तिच्या आडोशाला कितीही अन्याय सुखाने राहू शकतो.

भाच्याचा पहिला उपाय पेट्रोल वाढवण्याचा होता. मोठा जेट घातला. उपाशी दोघांना थोडे अधिक मिळाले, हे खरे; पण काळे दोघे अधिकच काळे झाले आणि पेट्रोलपंपावरचे बिल वाढले. जेथे वाटपच बिघडलेले आहे, तेथे पुरवठा वाढवल्याने आधी तृप्तांचे पोट फुगते, ही गोष्ट रेशनच्या दुकानापासून राजधानीपर्यंत सर्वांना ठाऊक आहे. तरी प्रत्येक वेळी तोच उपाय आधी सुचतो.

खरे तर जुन्या कारागिरांनी हा रोग ओळखला होता. काकांच्या गाडीच्या मूळच्या रचनेत हवा आत घेणारा मॅनिफोल्ड आणि धूर बाहेर टाकणारा मॅनिफोल्ड एकाच बाजूला, एकमेकांना टेकून बसत. जाणारा धूर येणाऱ्या पेट्रोलला शेक देई. फोर्डच्या टी मॉडेलला, म्हणजे १९०८ ते १९२७ या काळातल्या गाडीला, धुराच्या नळीजवळची गरम हवा कार्बोरेटरकडे नेणारी वेगळी नळीच होती. आपल्या जंगलखात्याच्या वाटा तुडवलेली उंच नाकाची महिंद्र जीप घ्या. तिच्या इंजिनात आत घेणारा मार्ग सिलिंडरच्या हेडमध्येच ओतलेला असे, म्हणून हेडभोवती फिरणाऱ्या पाण्याची ऊब त्याला आपोआप मिळे. हे सारे वैलच होते. भाच्याने मोकळ्या श्वासासाठी चूल नवी आणली आणि वैल बुजवला.

मिस्त्रींनी तो परत उघडला, पण निराळ्या रीतीने. नव्या मॅनिफोल्डच्या तळाला बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा वेल्ड करून त्यांनी चपटी डबी तयार केली आणि तिला दोन तोट्या बसवल्या. इंजिनाच्या हेडमधून गरम पाणी एका होज पाईपने डबीत आणले, आणि दुसऱ्या पाईपने ते पंपाकडे परत नेले. वाटेत एक पितळी कॉक बसवला. एकूण खर्च एका टायरपेक्षा कमी.

धुराचा शेक सोडून पाण्याचा का घेतला, असे मी विचारले. उत्तर विचार करण्यासारखे होते. धूर कित्येक शे अंशांचा. तो लवकर तापवतो, पण कुठे थांबावे हे त्याला कळत नाही. इंजिनातले पाणी ८० अंशांच्या आसपास राखलेले असते. ते उशिरा तापते, पण एकदा तापले की मर्यादा सोडत नाही. तोवरची पाच-दहा मिनिटे चोक ओढून काढायची. चोक म्हणजे उसनवारी. तो ओढून ठेवला की जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन नेते. मला घरातली माणसे आठवली. रागाने किंवा अतिस्तुतीने मूल एका क्षणात तापते. सहवासाने ते सावकाश तापते. पहिली ऊब धुराची, दुसरी पाण्याची.

आता या गोष्टीतला जो नैतिक प्रश्न आहे, त्याकडे वळतो. कारण गाडी सुधारली, प्लग चारही बदामी झाले, आणि इथेच गोष्ट संपली असती तर ती केवळ मिस्त्रींच्या कौतुकाची झाली असती.

भाचा पुढच्या सुटीत आला, चंद्रपूरच्या रस्त्यावर गाडी पळवून आला आणि म्हणाला, "मामा, वरची ताकद थोडी गेली." काकांनी ते हसण्यावारी नेले, पण भाचा खोटे बोलत नव्हता. हवा तापली की पसरते. आत जाणारी हवा दहा अंशांनी गरम झाली, तर तेवढ्याच जागेत सुमारे तीन टक्के कमी हवा मावते. कमी हवा म्हणजे कमी जाळ, कमी जाळ म्हणजे कमी जोर. शर्यतीच्या गाड्यांचे मॅनिफोल्ड मुद्दाम गार ठेवतात ते यासाठीच. शर्यतीत सकाळची पहिली दहा मिनिटे कुणी मोजत नाही. तेथे शेवटचा वेग तेवढा मोजतात.

इंजिनाच्या पेट्रोलातली जेमतेम पाव हिस्सा शक्ती चाकांच्या कामी येते; बाकीची सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून वाऱ्यावर जाते. तेव्हा ती ऊब फुकटची आहे, एवढे म्हणणे खरे. पण ती दिल्याने काहीच जात नाही, असे म्हणणे खरे नव्हे. देणगी फुकटची असली तरी देण्याची क्रिया फुकट नसते. आपण दानधर्माविषयी बोलताना या दोन गोष्टींची गल्लत करतो. "तुमचे काय जाते?" असे म्हणून मागणारा बहुधा समोरच्याचे काय जाते हे पाहण्याचे टाळत असतो.

हा प्रश्न मी मोटारीसाठी सोडवू पाहत नाही. माझा धंदा शिक्षकाचा. बल्लारपूर हे नाव गोंड राजा खांडक्या बल्लाळशहाचे, पण गावाची जीभ एक नाही. रेल्वेचे मोठे जंक्शन, कागदाची गिरणी, कोळशाच्या खाणी आणि पलीकडे तेलंगणाची हद्द. त्यामुळे एका वर्गात तेलुगू, हिंदी, बंगाली, गोंडी आणि आमची इकडची मराठी अशी पाच घरे भरतात. गडचिरोलीकडच्या माडिया घरातली एखादी मुलगी येते. तिला हिशेब येतो. बाजारात ती मोहाची फुले विकून पैसे बरोबर मोजून घेते. पण फळ्यावर 'वजा करा' असे लिहिले की ती थांबते. शिक्षकाने माप बरोबर दिलेले असते. शब्द मात्र थेंब होऊन भिंतीला चिकटलेले असतात.

अशा वेळी मोठा जेट घालण्याचा उपाय आम्हीही करतो. अधिक गृहपाठ देतो, अधिक मोठ्या आवाजात बोलतो. ज्यांना येत होते ते कंटाळतात. जिला येत नव्हते ती अधिकच भिजते.

एका वर्षी एक मुलगा सापडला. आईकडून माडिया, बापाकडून मराठी. वर्गात पहिल्या तिघांतला. त्याला त्या मुलीशेजारी बसवले. काही विशेष शिकवणी नव्हती. ती अडली की तो दोन शब्द पुटपुटे, एवढेच. दिवाळीची सुटी लागेपर्यंत तिची वही बोलू लागली. त्याचे तापलेले मन तिच्या गार मनाला टेकले, आणि वैल पेटला.

मग एके दिवशी मुलाचे वडील आले. माणूस सरळ, गिरणीत कामाला. म्हणाले, "गुरुजी, पोरगी शिकली पाह्यजे, मी नाही म्हणत नाही जी. पण माह्या पोरानं काहून आपला वेळ द्यावा? त्याची स्कॉलरशिपची परीक्षा हाय."

या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी दोन सुभाषिते माझ्या ओठांवर आली आणि दोन्ही मी गिळली. कारण त्या बापाचे गणित चुकीचे नव्हते. ते तेच तीन टक्के होते. 'शिकवल्याने विद्या वाढते' हे आम्ही फार सहज म्हणतो. शिकवल्याने शिकवणाऱ्याचे ज्ञान पक्के होते हे खरेच, पण तासातली मिनिटे वाढत नाहीत. पहिल्या क्रमांकाच्या स्पर्धेत पाच-सहा गुणांनी जन्माचे वळण बदलते, आणि गिरणीतल्या कामगाराच्या घरात ते वळण लहान नसते.

मोटार या जागी आपल्याला थोडी मदत करते आणि मग आपला हात सोडते. मदत अशी की, ऊब कुठे असते हे ती दाखवते. ती बाहेरून आणावी लागत नाही. जे आधी पेटले त्यांच्याच अंगी ती उरलेली असते. शिवाय ती कुणाला हवी आहे हेही पाहावे लागते. चंद्रपूरच्या २९२० मेगावॅटच्या वीजकेंद्रात कोळशाच्या उष्णतेचा सुमारे तिसरा हिस्सा वीज होतो. उरलेल्यातला फार मोठा वाटा त्या अजस्र शीतलन मनोऱ्यांतून पांढरी वाफ होऊन आभाळात जातो. डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात वीजकेंद्रांची अशीच उरलेली उष्णता नळांनी घरोघर नेतात आणि लोक तिच्यावर हिवाळा काढतात. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४७-४८ अंशांना टेकतो. इथे ती ऊब कुणाच्या दारी नेली तर तो लाठी घेऊन अंगावर येईल! ऊब स्वतः पुण्यवान नसते. शेजारी कुणी गारठलेला असेल, तेव्हाच ती पुण्य होते.

म्हणूनच मिस्त्रींचा तो पितळी कॉक मला साऱ्या रचनेत थोर वाटतो. शिवरात्र झाली की काका तो बंद करतात. मे महिन्यात तो उघडा राहिला, तर पेट्रोल कार्बोरेटरमध्येच उकळू लागेल. आमच्याकडे उन्हाळ्यात अशा गाड्यांच्या पेट्रोलपंपावर ओले फडके ठेवून निघतात, तेव्हा शेक कोण घेणार? दयेलाही ऋतू असतात. जी मुलगी आता स्वतःच्या पायांवर उभी आहे तिच्याशेजारी तो मुलगा वर्षभर बसवून ठेवणे, हे तिलाही अपमानाचे झाले असते. तिचा हिवाळा संपला की कॉक फिरवायचा.

आणि मोटार आपला हात सोडते ती अशी. चारही सिलिंडर एकाच दांड्याला जोडलेले आहेत. एक अडखळला तर चौघांचीही चाल बिघडते, म्हणून पहिल्याने तिसऱ्याला ऊब देणे हा त्याचा स्वार्थच आहे. समाजाविषयी बोलताना आपण हेच रूपक वापरतो. सारे एकाच गाड्याचे बैल, एकाच देहाचे अवयव. पण वर्गातली मुले एका दांड्याला जोडलेली नाहीत. ती मुलगी मागे राहिली असती, तरी तो मुलगा कदाचित पुढे गेलाच असता. रोज असे पुढे जाणारे आपण पाहतोच. तेव्हा 'तुझ्याच हितासाठी दे' हे त्याला सांगणे अर्धे खोटे आहे. शिवाय सिलिंडरला कुणी विचारत नाही, त्याला मन नसते. मुलाला असते. त्याची ऊब कुठे आहे हे मला दिसले, एवढ्याने ती काढून घेण्याचा हक्क मला मिळत नाही.

म्हणून त्याच्या वडिलांसमोरच मी त्या मुलाला विचारले. तिच्या मदतीने किती वेळ जातो, हे त्याने खरे सांगितले; कमी करून सांगितले नाही. मग आपणच म्हणाला, "सकाळचा तास तिच्याजवळ बसतो. दुपारी माझा माझा अभ्यास करतो." वडील थोडा वेळ गप्प राहिले, मग "बरं हाय" म्हणून निघून गेले. ते पटून गेले की नाइलाजाने गेले, ते त्यांनाच ठाऊक. स्कॉलरशिप त्या मुलाला मिळाली की नाही, हे मी मुद्दाम सांगत नाही. मिळाली असती तर तुम्ही म्हणाल, "पाहा, देणाऱ्याचे काही जात नाही", आणि न मिळाली असती तर म्हणाल, "पाहा, द्यायला नको होते." त्याने दिले ते या दोन्ही निकालांच्या आधी, किती जाईल हे जाणून दिले. त्या देण्याची किंमत तिथेच ठरली.

शेवटच्या वेगाची थोरवी मी नाकारत नाही. भाच्यासारखी माणसे नसती तर मोटार अजून पहिल्याच गावी रेंगाळत राहिली असती. ज्यांना शर्यतीला जायचे आहे त्यांनी मॅनिफोल्ड गार ठेवावा. पण बहुतेक घरे, बहुतेक वर्ग आणि बहुतेक आयुष्ये शर्यतीच्या मैदानावर नसतात. ती धुक्याच्या सकाळी एका अंगणातून निघून संध्याकाळी परत येणारी असतात. त्यांची परीक्षा वरच्या जोराने होत नाही. गार असताना ती कशी चालतात, आणि त्यांच्यातला शेवटचा कसा चालतो, यावर होते. तीन टक्के देऊन चौघे बदामी होत असतील, तर तो सौदा मी घरासाठी करीन. मात्र ते तीन टक्के कुणाचे हे न विसरता, आणि कॉक देणाऱ्याच्या हाताला लागेल अशा जागी ठेवून.

वैल जोडणाऱ्या त्या पहिल्या गृहिणीला हे सारे न सांगता ठाऊक असले पाहिजे. तिने मुख्य चूल विझवली नाही. भाकरी तिथेच भाजली, कारण भाकरीला जाळच लागतो. तिने एवढेच पाहिले की जाळ जाताना कुणाला टेकून जाऊ शकतो. आणि वैलावरचे भांडे कधी उतरवायचे, तेही तिनेच ठरवले. दूध कोमट झाले की ते पाळण्यातल्या लेकराकडे जायचे असते; वैलावर ठेवून आटवायचे नसते.